फुकटचा मुक्काम : साध्या प्रश्नातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



‘पेट’ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. विषय सापडतो हो, पण त्या विषयातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? मुलाखतीत गाडी तिथेच अडते. समोरचे सर विचारतात, “विषय ठीक आहे, पण तुमचा प्रश्न काय?” आणि आपण पुन्हा विषयच सांगत बसतो. आज त्यावर सिद्धांत सांगत नाही. माझ्याच बाबतीत एक प्रश्न कसा तयार होत गेला, ते सांगते.

माझी मावसबहीण जर्मनीत असते. गेल्या उन्हाळ्यात ती आणि भाऊजी मोटरहोम भाड्याने घेऊन युरोप फिरायला निघाले. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच, त्यात झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सगळी सोय असते. एका रात्री तिचा फोन आला. “अगं, आज मुक्कामाचे शून्य युरो! फ्रान्समधल्या एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या अंगणात गाडी लावलीय.” आणि मग हसत म्हणाली, “तू इतिहासवाली ना? आपल्याकडे असं काही होतं का गं पूर्वी?”

मी पटकन म्हणाले, “होत्या की सराया.” फोन ठेवला आणि लक्षात आलं, हे काही उत्तर नाही. मी एका इमारतीचं नाव सांगितलं होतं आणि तिने विचारलं होतं एका रात्रीबद्दल. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी तिचा शून्य युरो नीट बघू. फ्रान्समध्ये १९९३ पासून ‘फ्रान्स पॅशन’ नावाची एक व्यवस्था चालते. वर्षाची वर्गणी भरली की शेतकऱ्यांच्या, द्राक्षबागायतदारांच्या पत्त्यांची पुस्तिका मिळते. त्यांच्याकडे चोवीस तास गाडी फुकट उभी करता येते. सक्ती काही नाही, पण पाहुण्याने वाइनची एखादी बाटली घ्यावी अशी शेतकऱ्याची आशा असतेच. शिवाय गाडीत स्वतःचा संडास हवा. जर्मनीत साध्या रस्त्यावरच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हरचा थकवा जावा म्हणून एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. पण बाहेर खुर्च्या-टेबल मांडलं की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं. म्हणजे बघा, ‘फुकट’ या एका शब्दात तीन गोष्टी दडल्या आहेत. खर्च कुणी उचलला? कुणाला थांबता येतं? आणि किती वेळ?

हेच तीन प्रश्न घेऊन मी आपल्या शहराकडे वळले.

पहिला प्रश्न : खर्च कुणी उचलला?

पाणचक्की तुम्ही पाहिली असेलच. तिकीट काढायचं, हौदाकाठी फोटो काढायचे, वडाखाली बसायचं आणि परत यायचं. पण ही जागा मुळात ज्या दर्ग्याची आहे, त्या बाबांचं नाव लक्षात घ्या. बाबा शाह मुसाफिर. मुसाफिर म्हणजे प्रवासी! ते नक्शबंदी परंपरेचे सूफी. बुखाऱ्याजवळच्या घिज्दुवानहून फिरत फिरत दख्खनेत आले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश १६९९ मध्ये वारले. ते गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर असत. हा फिरोजजंग म्हणजे पहिल्या निजामाचा बाप. औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेत मध्य आशियातून आलेले, म्हणजे ‘तुरानी’, सैनिक आणि सरदार पुष्कळ होते. त्यांच्यासाठी हे शहर म्हणजे परदेशच. नवीन आलेला, नोकरी शोधणारा, हजला निघालेला, परत जायला निघालेला, असा जो कुणी येई त्याला मुसाफिर बाबांच्या तकियात टेकायला जागा मिळे. तकिया म्हणजे फकिरांचं राहण्याचं ठिकाण.

हे आपल्याला कसं कळतं? बाबांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी ‘मलफुजात-ए-नक्शबंदिया’ नावाचा फारसी ग्रंथ लिहिला. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००१ मध्ये आला. पण इथे सावध राहा. मलफुजात म्हणजे संतांची वचनं आणि आठवणी. लिहिणारा शिष्य आहे. त्यातला प्रत्येक पाहुणा, प्रत्येक जेवण हे बाबांचा मोठेपणा दाखवण्यासाठी येतं. म्हणून “ग्रंथात लिहिलंय, म्हणजे तसंच घडलं” असं म्हणायचं नाही. मात्र लेखक स्तुती करता करता जे सहज बोलून जातो, म्हणजे लोक कुठून आले, कशासाठी आले, कुणाच्या ओळखीने आले, ते आपल्या कामाचं असतं.

आता खर्चाकडे या. तकियाला आधार होता तो बाबांना मानणाऱ्या तुरानी अमीर-उमरावांचा. बाबा १७१५ च्या सुमारास गेले. पुढे निजामाच्या काळात सरदारांच्या पैशातून इथली बांधकामं वाढली. हर्सूलच्या बाजूने खापराच्या नळांतून पाणी आणलं, त्या पाण्याच्या जोरावर चक्की फिरली आणि फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळलं गेलं. प्रवाशाला फुकट मिळालेल्या भाकरीमागे एवढी यंत्रणा होती. हौद बघताना आपण पाणी बघतो, पीठ कुणी खाल्लं हे विचारत नाही.

हे काही इथलंच वैशिष्ट्य नाही. मध्य आशियातल्या यात्रेकरूंसाठी इस्तंबूलमध्येही असे तकिये होते. उस्कुदारमधला सुलतानतेपेचा उझबेक तकिया प्रसिद्ध आहे. आणि आपल्याच मराठी मुलखाचं उदाहरण घ्यायचं तर अहिल्याबाई होळकर. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी केला हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. देशभर त्यांनी घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. पण त्या दानधर्माचा खर्च ‘खासगी’तून होई. म्हणजे दौलतीच्या, राज्याच्या खजिन्यापासून वेगळा ठेवलेला, होळकरांच्या घरातल्या बायकांच्या हातातला निधी. धर्मशाळा बांधणारे पुष्कळ असतात. ती पुढेही चालत राहावी म्हणून उत्पन्नाची सोय लावणारे थोडे.

दुसरा प्रश्न : कुणाला थांबता येतं?

इथे माझा विषय खरा उघडला.

शहरातून अजिंठ्याकडे जाताना घाट उतरला की फर्दापूर लागतं. तिथे मुघलकालीन सराई आहे. बुऱ्हाणपूर-औरंगाबाद या वाटेवरचं हे महत्त्वाचं ठाणं. उंच भिंती, मोठा दरवाजा, आत ओळीने खोल्या. माल आणि जनावरं आत घ्यायची आणि रात्री दरवाजा बंद. हे आपल्या ओळखीचं चित्र आहे. तरी सराईत गेलं की सगळंच फुकट, असं समजू नका. उत्तरेकडच्या सराईंत स्वयंपाक करून देणारे भटियारे पैसे घेत.

पण रस्त्यावरचे सगळेच लोक सराईत मावत होते का? सतराव्या शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये इथल्या रस्त्यांचं वर्णन करताना दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांबद्दल सांगतो. धान्य, मीठ वाहून नेणारे हे लोक. बायकापोरं सोबत, मुक्काम तंबूत, गावात घर नाही. असा काफिला समोरून आला की अरुंद वाटेवर दुसऱ्या प्रवाशांना कधी दोन-तीन दिवस खोळंबावं लागे. हा आपल्या बंजाऱ्यांचा तांडा. खरं सांगू? आपल्याकडचं मोटरहोम शोधायचं तर ते सराईत नाही, तांड्यात सापडतं. घर घेऊन फिरणारी माणसं हीच.

त्यांनी रात्री कुठे थांबायचं? बंजारा परंपरेत जंगी आणि भंगी नाईकांची गोष्ट सांगतात. १६३० च्या आसपास शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनेत आला, तेव्हा त्याच्या फौजेला या नाईकांच्या बैलांनी रसद पुरवली. त्या बदल्यात ताम्रपटावर सवलत मिळाली, की तांडा थांबेल तिथे घरातल्या रांजणाचं पाणी आणि छपराचं गवतसुद्धा घेता येईल. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवली. म्हणजे प्रसंग आणि नोंद यात दोनशे वर्षांचं अंतर! मग ती टाकून द्यायची का? नाही. १६३० मध्ये काय घडलं याचा तो पुरावा होत नाही. पण थांबण्याचा आपल्याला हक्क होता आणि तो कामाच्या बदल्यात मिळवलेला होता, असं तांड्याला वाटत होतं, याचा तो चांगला पुरावा आहे. एकच साधन एका प्रश्नाला कुचकामी आणि दुसऱ्या प्रश्नाला मोलाचं असू शकतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

आणि मग तो हक्क गेला. रेल्वे आली, मिठाचा व्यापार सरकारी नियंत्रणात गेला, बैलांची गरज संपत आली. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो वाढवत नेला. हैदराबाद संस्थानातही असा कायदा आला. नोंद झालेल्या जमातींना हजेरी लागू झाली. परवान्याशिवाय ठरलेली हद्द सोडणं हा गुन्हा ठरला. ज्यांच्या बैलांवर फौजा जेवल्या, त्यांचं माळावर रात्री थांबणंच संशयाचं झालं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पाल ठोकलेल्या माणसाला “इथून उठा” म्हणायची सवय कायद्याबरोबर गेली का, हे तुमच्या गावाबाहेरचा माळ बघून तुम्हीच सांगा. यावर वाचायचं असेल तर भांग्या भुक्या यांचं निजामी राजवटीतल्या लंबाडांवरचं पुस्तक आहे, २०१० चं. जरूर वाचा.

तिसरा प्रश्न : किती वेळ?

इस्लामी परंपरेत पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे दिलं ते दान. युरोपात चोवीस तासांची पाटी. पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंडीसोबत ट्रक असतात. त्यात तंबू, धान्य, पातेली, सोबत पाण्याचा टँकर. मुक्कामाच्या गावी शाळेचं मैदान मिळतं, देऊळ मिळतं, पैसे कुणी मागत नाही. पण मुक्काम ठरलेला असतो, सकाळी उठून पुढे जायचं. जो नक्की जाणार आहे, त्याला थांबू देणं सोपं असतं. जो कदाचित जाणार नाही, त्याची भीती वाटते. वारकऱ्याच्या ट्रकला आणि तांड्याच्या पालाला मिळणाऱ्या वागणुकीतला फरक इथून समजायला लागतो.

२०२१ मध्ये आपल्या राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. पण आता ती बातमी वाचताना माझ्या डोक्यात आपोआप तेच तीन प्रश्न येतात.

तर मित्रांनो, माझा विषय ‘औरंगाबाद परिसरातील सराया’ असा राहिला असता, तर मी इमारतींची यादी करून थांबले असते. प्रश्न असा झाला : सतराव्या ते विसाव्या शतकात या भागात रात्रीपुरतं थांबण्याचा हक्क कुणाला होता, तो कशाच्या बदल्यात मिळाला आणि कुणाकडून काढून घेतला गेला? आता मला कोणती साधनं लागतील हे प्रश्नच सांगतो. फारसी ग्रंथ, प्रवासवर्णनं, पोलिसी दप्तर आणि तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी.

तुम्हीही करून बघा. तुमच्या गावात जे काही ‘फुकट’ आहे, पाणपोई, धर्मशाळा, गायरान, काहीही घ्या आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीन ओळींत लिहा. जी ओळ लिहिता येणार नाही, तिथून तुमचं संशोधन सुरू होतं.

ताईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बापरे, आणि आम्ही एक बाटली घेऊन सुटलो!”