फोंड्याच्या छावणीतले पोर्तुगीज

१९ मार्च १९६२. गोव्यातल्या फोंडा इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून काही पोर्तुगीज सैनिकांनी कचऱ्याच्या ट्रकमधून निसटण्याचा प्रयत्न केला. बेत फसला आणि छावणीचे वातावरण एकदम तापले. पळू पाहणारे सैनिक ज्यांच्या हाताखालचे, त्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना कोर्ट मार्शलची, अगदी जिवे मारण्याची धमकी देण्यात आली. कैद्यांबरोबर राहणारे लष्करी धर्मगुरू, जेझुइट पाद्री फेरेरा द सिल्व्हा, मध्ये पडले म्हणून प्रकरण निवळले.

पण ते सगळ्यांसाठी निवळले नाही. छावणीतला दुय्यम प्रमुख असलेला एक भारतीय कॅप्टन आणि कैदेतला पोर्तुगीज कॅप्टन कार्लुस आझेरेदो यांची जुंपली. आझेरेदोने त्याला ‘नरकात जा’ असे सुनावले. त्यावर चार शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी आझेरेदोला शुद्ध हरपेपर्यंत मारले. तोवर त्याच्यावर बंदूक रोखलेली होती. आझेरेदो पुढे पोर्तुगालच्या सैन्यात जनरल झाला आणि हा प्रसंग त्याने स्वतःच सांगितला. सांगताना पुढचा भागही त्याने गाळला नाही. जिनिव्हा कराराचा भंग केल्याबद्दल भारतीय लष्कराने त्या कॅप्टनला शिक्षा केली.

युद्धकैद्यांचा कायदा कागदावरून जमिनीवर उतरतो तेव्हा कसा दिसतो, हे फोंड्याच्या या घटनेत स्वच्छ दिसते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने पळण्याचा प्रयत्न करणाऱ्या कैद्याकडे गुन्हेगार म्हणून पाहायचे नाही असे ठरवून दिले आहे. सैनिकाने निसटायचा प्रयत्न करणे स्वाभाविक, आणि पकडणाऱ्याने त्याला अडवणेही स्वाभाविक. पकडला गेला तर शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. पळायला मदत करणाऱ्या सोबत्यालाही तेवढीच. म्हणजे फोंड्यात जी देहदंडाची भाषा झाली, तिला कायद्यात कसलाही आधार नव्हता. भारताने हे करार १९५० सालीच मान्य केले होते आणि ते देशात लागू करणारा कायदा संसदेने १९६० साली, म्हणजे गोव्याच्या कारवाईच्या आधीच, केला होता.

हे नियम येण्याआधी हरलेल्याचे काय व्हायचे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जखमी अवस्थेत हाती लागलेला जनकोजी शिंदे मारला गेला. तोफखान्याचा सरदार इब्राहीमखान गारदी याला शुजाउद्दौल्याने काही काळ आसरा दिला, पण अब्दालीच्या दबावापुढे त्याचे काही चालले नाही आणि इब्राहीमखानही मारला गेला. कैद्याचा जीव तेव्हा कुणा एका सरदाराच्या दयेवर आणि वजनावर टांगलेला असे.

याच्या बावीस वर्षे आधी वसईला अगदी वेगळे घडले होते, आणि तिथेही समोर पोर्तुगीजच होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हजारो माणसे गमावून वसईच्या तटाला खिंडार पाडले. एवढी किंमत मोजल्यावर किल्ल्यात शिरून सूड घेतला असता तर त्या काळच्या रीतीप्रमाणे कोणी बोट दाखवले नसते. पण तह झाला. पोर्तुगीजांना किल्ला सोडायला आठ दिवस मिळाले. शिबंदी हत्यारांसह, ढोल वाजवत आणि निशाणे फडकावत बाहेर पडली, बायकामुलांना सुखरूप जाऊ दिले. लढणाऱ्या दोघांनीही पाळायच्या रीती असतात ही जाण आपल्याकडे जिनिव्हातून आली असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. फरक एवढाच की वसईला जे झाले ते चिमाजी अप्पांच्या मनात होते म्हणून झाले. सेनापती बदलला की रीतही बदलू शकत होती. एकोणिसाव्या शतकात सोल्फेरिनोच्या रणावर जखमींचे हाल पाहून आंरी द्युनाँने जे काम सुरू केले, त्यातून रेड क्रॉस आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. पुढे १९०७ चे हेगचे नियम आले, १९२९ आणि १९४९ चे युद्धकैद्यांचे करार आले. या साऱ्या खटपटीचा रोख सेनापतीच्या मर्जीचे बंधनात रूपांतर करण्याकडे होता.

पण मार्च १९६२ मध्ये हे लोक अजून फोंड्यात होतेच कसे? लढाई तर डिसेंबरातच संपली होती.

१७ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य गोव्याच्या हद्दीकडे सरकू लागले. पोर्तुगालचे बळ त्यामानाने नगण्य होते; गोव्यात त्यांचे एकही लढाऊ विमान नव्हते. गव्हर्नर जनरल मानुएल आंतोनियू व्हास्सालो इ सिल्व्हा यांना लिस्बनहून हुकूमशहा सालाझारने १४ तारखेलाच संदेश पाठवला होता. तह करायचा नाही, एकही पोर्तुगीज कैदी झालेला त्याला पाहायचा नव्हता, सैनिक आणि खलाशी एक तर जिंकावेत नाही तर मरावेत, असा त्याचा आशय. शत्रूच्या हाती काही पडू नये म्हणून गोव्यात नासधूस करण्याचेही हुकूम होते. ते गव्हर्नरने पाळले नाहीत. मुरगाव बंदरात ‘अफोंसू द आल्बुकेर्क’ हे जुने जहाज भारतीय फ्रिगेटींशी लढून किनाऱ्याला लागले. त्याचा जखमी कप्तान आरागाव याच्यावर पणजीच्या इस्पितळात उपचार झाले. १९ डिसेंबरच्या रात्री वास्कोला गव्हर्नर जनरलने शरणागतीवर सही केली. पोर्तुगीज बाजूचे सुमारे तीस आणि भारताचे बावीस जवान कामी आले होते.

गव्हर्नर लढत राहिला असता तर निकाल बदलला नसता, फक्त प्रेते वाढली असती. त्यातली बरीचशी वीस-बावीस वर्षांच्या, शेतकरी घरांतून सक्तीने भरती केलेल्या पोरांची असती. त्याची ती सही या साऱ्या कथेतले सर्वांत शहाणपणाचे कृत्य होते, आणि त्याच सहीची त्याला सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली.

ताब्यात घेतलेल्यांची एकूण संख्या साडेचार हजारांच्या वर होती. बायका आणि नागरिकांना, त्यांत गव्हर्नरची पत्नीही होती, डिसेंबर संपायच्या आत मुंबईला नेऊन मायदेशी धाडण्यात आले. सुमारे ३,३०० सैनिक आणि अधिकारी मात्र युद्धकैदी म्हणून मागे राहिले. नावेली, आग्वाद, फोंडा आणि वास्कोजवळचे आल्पार्केरुश इथे त्यांना ठेवले. सुरुवातीचे दिवस कठीण होते: सिमेंटच्या जमिनीवर झोपणे, अंगमेहनतीची कामे. जानेवारीत बहुतेकांना फोंड्याच्या नव्या छावणीत हलवल्यावर परिस्थिती बरीच सुधारली.

छावणीवरच्या भारतीय अधिकाऱ्यांना गोंधळात टाकणारी एक गोष्ट तिथे रोज घडत होती. गोव्याची माणसे या कैद्यांना भेटायला येत, आणि तीही मोठ्या संख्येने. कोणी ओळखीचे, कोणी मित्र, कोणी अगदीच अनोळखी. येताना सिगारेटी, बिस्किटे, चहा, औषधे, पैसे आणत. ज्यांची सत्ता नुकतीच उलथली त्यांच्यासाठी हा ओघ का, हे लष्कराला उमगेना. आधी भेटी आठवड्यातून दोनदा केल्या, पुढे फक्त रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनाच मुभा ठेवली. या भेटींवरून गोव्याला पोर्तुगीज राज्य हवे होते असा निष्कर्ष काढणारे आजही भेटतात. त्यात तथ्य नाही. सालाझारची राजवट वेगळी आणि शेजारच्या बराकीतला ओळखीचा शिपाई वेगळा, एवढे गोव्याच्या माणसाला कळत होते.

करार म्हणतो, प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवायचे. इथे ती दोन दिवसांत थांबली आणि कैदी पाच महिने अडकले. पोर्तुगालने हट्ट धरला की कैदी पोर्तुगीज विमानांतूनच येतील. भारत म्हणाला, तटस्थ देशाची विमाने आणा. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले, त्यामुळे प्रत्येक निरोप तिसऱ्याच्या मार्फत. त्यातच सालाझारने मोझांबिकमधल्या सुमारे १,२०० भारतीयांना ताब्यात घेतले. भारताच्या अटीतही थोडा ताठा होता, हे मान्य करायला हवे. पण स्वतःची माणसे परत आणण्याची घाई ज्या सरकारला असायला हवी, त्यालाच ती नव्हती. आझेरेदोने पुढे या लांबलेल्या कैदेचा दोष लिस्बनच्या हटवादीपणालाच दिला.

अखेर मे १९६२ मध्ये भाड्याने घेतलेल्या फ्रेंच विमानांनी कैद्यांना कराचीला नेले आणि तिथून ‘व्हेरा क्रूझ’, ‘पात्रिया’ आणि ‘मोझांबिक’ ही तीन जहाजे त्यांना घेऊन लिस्बनला गेली. ताजू नदीच्या धक्क्यावर घरचे लोक वाट पाहत होते. त्यांना भेटू न देता, बंदुका रोखलेल्या लष्करी पोलिसांनी उतरणाऱ्यांना ताब्यात घेतले. मार्च १९६३ मध्ये भ्याडपणाचा ठपका ठेवून गव्हर्नर जनरलसह डझनभर जणांना सेनादलांतून हाकलण्यात आले, आणखी काहींना निलंबित केले.

कैद्याला पकडणाऱ्यापासून वाचवणारी १४३ कलमे त्या करारात आहेत. मायदेशी पोचल्यावर त्याच्या बाजूने त्यातले एकही कलम बोलत नाही. सोव्हिएत रशियाने १९४१ मध्ये शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांना फितूर ठरवणारा हुकूम काढला होता; सालाझारची वागणूक त्याच जातीची. व्हास्सालो इ सिल्व्हाला आपला हुद्दा परत मिळायला १९७४ ची क्रांती व्हावी लागली. त्यानंतर तो गोव्याला आला, तेव्हा त्याचे स्वागत आपुलकीने झाले.

कराराच्या छत्राबाहेर राहिलेले आणखी लोक होते, आणि त्यांतल्या एकाचे नाव मराठी घरांत जास्त ओळखीचे आहे. सांगलीचा मनोहर आपटे हा तरुण मोहन रानडे या नावाने गोव्यात मराठी शिकवायला गेला आणि आझाद गोमंतक दल या गुप्तपणे लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत सामील झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती इथल्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात तो गोळी लागून पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. पुढे पोर्तुगालला नेऊन त्याला लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवले. त्या कैदेतली कित्येक वर्षे एकांतवासात गेली.

रानडे युद्धकैदी का नव्हते? १९४९ च्या करारात प्रतिकार दलांसाठी अटी आहेत: जबाबदार प्रमुख असावा, दुरून ओळखू येणारे चिन्ह असावे, शस्त्रे उघड बाळगावीत, युद्धाचे नियम पाळावेत. सालाझारच्या पोलिसांच्या नजरेखाली गुप्तपणे लढणाऱ्या दलाने गणवेशावर बिल्ला लावून फिरायचे म्हणजे दुसऱ्याच दिवशी तुरुंगात जायचे. शिवाय पोर्तुगालच्या लेखी गोवा हा त्यांचाच सागरपार प्रांत, म्हणून रानडे त्यांच्यासाठी साधा गुन्हेगार. ज्या सैन्याशी ते लढले त्यातले ३,३०० जण मे १९६२ मध्ये घरी निघाले तेव्हा रानडे काशियासमध्येच होते.

त्या ३,३०० च्या बदल्यात रानडे आणि त्यांच्या सोबत्यांना मागून घ्यायला हवे होते, असे आजही वाटू शकते. वाटणे साहजिक आहे. पण करारातली सुटका बिनशर्त आहे, युद्धकैद्याला ओलीस करून सौदा करता येत नाही. मोझांबिकमधल्या भारतीयांना ताब्यात घेऊन सालाझार जे करू पाहत होता, तेच आपणही केले असते. फोंड्यातल्या त्या पोरांना धरून ठेवणे अन्यायच ठरला असता, आणि त्यांना जाऊ दिल्यावर रानडे एकटे पडले हाही अन्यायच होता. पहिला टाळायला कायदा होता, दुसऱ्यासाठी काहीच नव्हते. सुधीर फडके आणि इतरांनी महाराष्ट्रात सुटकेसाठी चळवळ उभी केली, मागणी सतत जागती ठेवली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये, अटकेनंतर तेरा वर्षांनी, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर.

वसाहती सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांचा प्रश्न जिनिव्हाने हाताळला तो १९७७ साली. त्या वर्षीच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने अशा लढ्यांना आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा दिला, आणि गणवेश नसलेल्या लढवय्यासाठी ओळखचिन्हाची अटही सैल केली. पोर्तुगालने तो १९९२ साली मान्य केला. भारत आजवर त्यात सामील झालेला नाही. देशातल्या सशस्त्र गटांना आणि फुटीर चळवळींना त्यातून मान्यतेचे दार उघडेल ही भीती त्यामागे आहे, आणि काश्मीर व ईशान्य भारताकडे पाहता ती निराधार म्हणता येत नाही. पण रानड्यांसारख्याला ज्या एका दस्तऐवजाने युद्धकैदी म्हणवून घेण्याची वाट दिली असती, त्यावर त्यांच्याच देशाची सही नाही, ही गोष्ट गोवा मुक्तिदिनाच्या भाषणांत कधीतरी यायला हवी.