लिनक्सवरील मराठी फॉन्टची खरी कसोटी

‘लोहित देवनागरी’ हे फेडोरा या लिनक्स प्रणालीत उपलब्ध असलेले मुक्त फॉन्टचे पॅकेज होय. रेड हॅटने लोहित मालिका २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुली केली. २०११ मध्ये तिला ओपन फॉन्ट परवाना लाभला. फेडोरात नवे पॅकेज दाखल होण्यापूर्वी दुसरा तपासनीस त्याचा परवाना, नाव व बांधणी पडताळतो. मराठी अक्षरांची कसोटी मात्र मराठी वाचकानेच घ्यावी लागते. कळवणसारख्या कांदाउत्पादक तालुक्यात ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द नित्याचा. त्यातील अर्ध्या ‘र’चा रफार झाला, तर शब्दच बिघडतो, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत तर अर्थही पालटतो. युनिकोडमध्ये हा ‘र’ ‘ऱ’ व हलन्त यांच्या जोडीने लिहिला जातो. परवाना मुक्त असल्याने फॉन्टमधील असा दोष कोणीही जाणकार दुरुस्त करू शकतो.