गंजाची गाळणी
पाण्यातले आर्सेनिक काढणाऱ्या या गाळणीतले रसायन खरोखरच गंजाच्या कुळातले आहे. चेन्नईच्या आयआयटीत थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने फेरिहायड्राइट या लोहसंयुगाचे 3 नॅनोमीटरहून लहान कण कायटोसानच्या जाळीत बसवले. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. कण बारीक, म्हणून एकूण पृष्ठभाग प्रचंड. पाण्यातले आर्सेनिक त्यालाच चिकटते. जाळी नसती तर कण एकवटून कमी कामाच्या खनिजात बदलले असते.

या तंत्राला दिलेले ‘अमृत’ हे नाव म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांची ओढाताण!

पाणी शुद्ध करायला वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट वेगळी. तो उत्प्रेरक अतिनील प्रकाशात सेंद्रिय घाण मोडतो. आर्सेनिक मूलद्रव्यच असल्याने ते मोडत नाही, धरूनच ठेवावे लागते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम.