चिनी मातीची भांडी आणि परदेशी गिऱ्हाईक

चिनी मातीच्या भांड्यांची जन्मभूमी त्यांच्या नावातच आहे. परंतु ती कोणासाठी घडवली गेली, हे नावावरून कळत नाही. निर्यातीची भांडी तपासली असता त्यांच्या आकारात व नक्षीत गिऱ्हाइकाचा वाटा किती मोठा होता, हे ध्यानात येते.

चौदाव्या शतकात, युआन राजवटीत, जिंगदेझेनच्या भट्ट्यांत पांढऱ्यावर निळ्या नक्षीची भांडी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. निळ्या रंगाचे कोबाल्ट इराणकडून येई. याच काळात ४० सेंटिमीटरांहून रुंद थाळही घडले. चिनी जेवणात प्रत्येकाचा वाडगा वेगळा असे. एका थाळाभोवती बसून जेवण्याची रीत पश्चिम आशियातली. काही झाऱ्यांचे आकारही तिकडच्या धातूच्या भांड्यांवरून घेतलेले दिसतात. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी अर्पण केली. त्यांत युआनकालीन थाळही होते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाईक आले. मकाव ते लिस्बन हा व्यापार गोव्यामार्गे चाले. पोर्तुगालच्या राजचिन्हाची मागणी झाली आणि कारागिरांनी ते रंगवलेही. पण एका झारीवर ते चक्क उलटे उतरले आहे. नमुना पोचला होता, त्याचा अर्थ पोचला नव्हता.

पुढे डचांनी वर्णनावर भिस्त ठेवली नाही. १६३५ मध्ये तैवानमधील डच अधिकाऱ्यांनी चिनी व्यापाऱ्यांकडे लाकडी नमुनेच दिले. मग आणि मीठदाण्या यांसारखी युरोपीय मेजावरची भांडी त्याबरहुकूम होऊ लागली. अठराव्या शतकात जिंगदेझेनहून कोरी भांडी ग्वांगझूला येत व तेथील रंगारी त्यांवर युरोपीय घराण्यांची चिन्हे काढीत.

निर्यातीच्या भांड्यांना अस्सल चिनी कलेची उतरलेली आवृत्ती मानण्याची सवय आहे. वरील क्रम पाहता ती टिकत नाही. आज ज्या निळ्या-पांढऱ्या नक्षीला आपण खास चिनी म्हणतो, तिच्या घडणीतच इराणचे कोबाल्ट आणि पश्चिम आशियाची मागणी मिसळलेली आहे. व्यापाराचा इतिहास शिकवताना आपण ‘रेशीम, चिनी भांडी’ अशी मालाची यादी देतो. त्याऐवजी एका थाळाचे चित्र दाखवून विद्यार्थ्यांना विचारावे, हा कोणाच्या पंगतीसाठी घडला? उत्तर शोधताना यादीमागची माणसे त्यांना दिसू लागतील.