ज्याची जखम, त्याचीच नजर: चांप्याच्या कात्रेनगरची वाटचाल

दुर्ग-भिलाईतली मराठी घरं सुट्टी लागली की नागपूरच्या दिशेनं निघतात. दुर्गच्या पद्मनाभपुरातल्या कितीतरी कुटुंबांचं सगळं गणगोत पश्चिमेकडे, विदर्भात. त्यामुळे त्याच लोहमार्गावर पूर्वेला, रायपूर-बिलासपूरच्या पुढे, साधारण दोनशे किलोमीटरवर मराठी माणसांनी उभं केलेलं एक मोठं काम आहे, हे आपल्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं. गाव चांपा, हसदेव नदीच्या काठचं, कोसा रेशमासाठी नावाजलेलं. तिथून जवळच सोंठीच्या शिवारात भारतीय कुष्ठ निवारक संघाचा आश्रम आहे. लोक त्याला कात्रेनगर म्हणतात. संस्था १९६२ सालची, म्हणजे साठी ओलांडलेली.

संस्थापक सदाशिव गोविंद कात्रे यांचा जन्म १९०९ सालचा, आजच्या मध्य प्रदेशातल्या गुना जिल्ह्यातल्या आरोनचा. वडील लवकर गेले, झाशीला नातेवाइकांकडे वाढले आणि रेल्वेत नोकरीला लागले. लग्न झालं, मुलगी झाली आणि ऐन तरुण वयात अंगावर कुष्ठरोगाची लक्षणं दिसू लागली. पत्नीही गेली. त्या काळी या रोगाचं निदान म्हणजे घर, नोकरी, पंगत, देऊळ या सगळ्यांतून नाव कटणं. कात्रे यांनी ते सगळं भोगलं. शेवटी नोकरी सोडून ते उपचारासाठी बिलासपूरजवळच्या बैतलपूरच्या मिशनच्या कुष्ठालयात दाखल झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. छत्तीसगडच्या या पट्ट्यात कुष्ठरुग्णांना पहिला आसरा दिला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. बैतलपूर-चंदखुरीचं कुष्ठालय १८९७ च्या दुष्काळाच्या सुमाराचं, तर खुद्द चांप्यातलं बेथेस्डा कुष्ठालय मेनोनाइट मिशनरी पीटर पेनर यांनी १९०२ साली सुरू केलेलं. बाकीचा समाज तोंड फिरवून उभा होता तेव्हा ही माणसं जखमा धूत होती. कात्रे यांना बैतलपूरला औषध मिळालं, पण रुग्णांच्या श्रद्धेवर येणारा दबाव त्यांना पटला नाही. ते रा. स्व. संघाचे स्वयंसेवक होते. गाऱ्हाणं घेऊन ते मध्य प्रदेशचे तेव्हाचे राज्यपाल हरी विनायक पाटसकर यांना भेटले. तक्रार करण्यापेक्षा तुम्हीच असं काम का सुरू करत नाही, असं पाटसकरांनी त्यांना सुचवलं, अशी आठवण सांगितली जाते.

हे पाटसकर म्हणजे १९५५ साली कायदा मंत्रालयात असताना हिंदू विवाह कायदा संसदेत पुढे नेणारे मंत्री. मोठ्या सुधारणेचा हा कायदा, पण त्यातही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून नोंदलेलं होतं. समाजाच्या मनातली भीती इतकी खोल होती की सुधारकांच्या कायद्यातही ती उतरली. ते कलम निघायला २०१९ साल उजाडलं.

कात्रे यांनी मोजक्या रुग्णांना सोबत घेऊन चांप्याच्या परिसरात काम सुरू केलं. हाताशी पैसा नाही, स्वतःचं शरीर रोगानं पोखरलेलं. गावोगाव फिरायचं, मदत मागायची, रुग्ण शोधायचे, जखमा बांधायच्या. या माणसाला गरजेची पाहणी करावी लागली नाही. रात्री पायाच्या जखमेत किडे झाले तर काय होतं, पाण्याच्या लोट्यासाठी दुसऱ्याच्या दारी किती वेळ उभं राहावं लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच त्यांनी आधी छप्पर आणि मलमपट्टी या दोन गोष्टी हाती घेतल्या आणि मोठ्या इमारतीच्या मागे लागले नाहीत. सोंठीला जमीन मिळाली, झोपड्या उभ्या राहिल्या. १९७७ च्या मे महिन्यात कात्रे गेले तेव्हा त्या झोपड्यांचं एक गाव झालं होतं.

एका रुग्णानं रुग्णांसाठी उभारलेली संस्था तो गेल्यावर टिकते का? अशा किती तरी संस्था संस्थापकाबरोबरच मावळतात. कात्रेनगर टिकलं त्याचं मोठं श्रेय दामोदर गणेश बापट यांना जातं. अमरावती जिल्ह्यातल्या पथरोटचे बापट नागपूरला शिकले, जशपूरला वनवासी कल्याण आश्रमात आदिवासी मुलांना शिकवू लागले आणि १९७२ च्या सुमारास कात्रे यांचं काम पाहून चांप्याला आले ते कायमचे. त्यांना रोग नव्हता. हाच खरा कसोटीचा मुद्दा होता. कात्रे यांच्याकडे स्वतःच्या दुखण्याची नजर होती, बापटांना ती कमवावी लागणार होती. त्यांनी ती आश्रमातच राहून, रुग्णांच्यात उठून-बसून कमावली. लग्न केलं नाही, वेगळं बिऱ्हाड थाटलं नाही. सगळे त्यांना 'बापटजी' म्हणत.

बापट मूळचे ज्या भागातले, तिथे या कामाची परंपरा होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण १९३६ पासून कुष्ठसेवा करत होते. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ सालचं. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. आनंदवनानं महाराष्ट्राला शिकवलं की कुष्ठरुग्णाला भीक नको, काम हवं. चांप्यातही तोच धडा गिरवला गेला, पण तिथल्या मातीप्रमाणे. भात हे इथलं मुख्य पीक, म्हणून शेती आली. गाई आल्या. खडू तयार करणं, सतरंज्या विणणं, शिवणकाम असे झडलेल्या बोटांनाही जमतील असे उद्योग आले.

काम ठरवतानाही बारकाईनं पाहावं लागतं. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, हातापायांची संवेदना जाते. तापलेली कढई हाताला लागली तरी कळत नाही, तळपायात काटा घुसला तरी माणूस चालतच राहतो. जखम चिघळते आणि बोटं जातात ती बहुतेक वेळा या न कळणाऱ्या इजांमुळे. त्यामुळे अशा माणसाची रोजची गरज बाहेरच्याच्या डोक्यात येतही नाही. ती असते मऊ तळाची एमसीआर रबराची चप्पल, भांड्याला लाकडी मूठ, रोज पाण्यात पाय भिजवून तेल लावण्याची सवय, डोळ्यांची पापणी मिटत नसेल तर धुळीपासून जपणं. सणासुदीला दाते घोंगड्या आणि फळं घेऊन येतात, आणि जखमेचा पाय अनवाणीच राहतो. सेवाभावी संस्थांच्या कामात हे अंतर मला सगळ्यात जास्त बोचतं.

एक गरज भागली की तिच्या पोटातून दुसरी निघते, हे कात्रेनगरच्या वाटचालीत ठळक दिसतं. रुग्णांची मुलं निरोगी होती. तरीही गावच्या शाळेत त्यांना कोण बसवणार? म्हणून वसतिगृह झालं, शिक्षणाची सोय झाली. जखमा बांधता बांधता दवाखाना वाढला आणि आसपासच्या गावांतली, रोग नसलेली माणसंही तापाखोकल्यासाठी तिथे येऊ लागली. ज्या वाटेनं लोक नाक दाबून जात, त्याच वाटेनं ते औषधाला यायला लागले. भाषणांनी जे होत नाही ते या एका दवाखान्यानं केलं असावं, असं मला वाटतं.

दरम्यान औषधही बदललं. सुरुवातीच्या काळात एकट्या डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाव्या लागत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि पुढे सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा टप्पा गाठला गेला. छत्तीसगड मात्र त्यानंतरही देशातल्या जास्त रुग्ण असलेल्या राज्यांत राहिलं. शिवाय बरं होणं आणि घरी परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधानं जंतू मरतो, वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत आणि मिटलेलं दार उघडत नाही. कात्रेनगरसारख्या आश्रमात रोगमुक्त झालेली म्हातारी माणसं राहतात, कारण जायला दुसरं घरच उरलेलं नसतं. उपचारापासून सुरू झालेलं काम असं म्हातारपणाच्या सोबतीपर्यंत येऊन पोचतं.

बापटांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. १७ ऑगस्ट २०१९ रोजी बिलासपूरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

ज्यांची गरज त्यांनीच उभारलेली आपल्या जवळची आणखी एक संस्था आठवते. दल्ली राजहरा हे जुन्या दुर्ग जिल्ह्यातलं, आता बालोदमध्ये गेलेलं खाणींचं गाव. भिलाईच्या भट्ट्यांत वितळतं ते लोखंड तिथल्या डोंगरातलं. १९७७ च्या जूनमध्ये तिथे खाणमजुरांवर झालेल्या गोळीबारात ११ जण मेले. त्यानंतर काही वर्षांनी कामगार संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या खाणमजुरांनी तेव्हा ठरवलं की आपल्या बायकांसाठी आपलंच इस्पितळ हवं. आधी छोटा दवाखाना निघाला, मग मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ च्या ३ जूनला शहीद हॉस्पिटल उभं राहिलं. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना असे डॉक्टर तिथे येऊन राहिले. अतिसारावर घरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचा प्रचार, अनावश्यक इंजेक्शनांना विरोध, दारूबंदीची मोहीम, हे सगळं इस्पितळाच्या भिंतीबाहेर गेलेलं काम. नियोगींची १९९१ च्या सप्टेंबरमध्ये भिलाईत हत्या झाली, इस्पितळ मात्र चालू राहिलं.

कात्रे-बापट भगव्या विचारांचे, नियोगी लाल-हिरव्या झेंड्याचे. राजकारणात दोन टोकं. तरी दोन्ही ठिकाणी कामाची सुरुवात एकाच रीतीनं झाली. ज्याचं दुखलं त्यानंच काय हवं ते सांगितलं, आणि बाहेरून आलेला सुशिक्षित माणूस ते ऐकून तिथेच राहिला. माझ्या मते संस्था टिकण्याचं कारण तिच्या निधीत शोधू नये, या राहण्यात शोधावं.

आपल्याकडे दुर्ग-भिलाईत मंडळं आहेत, गणेशोत्सव आहेत, वर्गणी निघते आणि त्यातला काही भाग सेवेलाही जातो. तो देण्याआधी एकदा जिथे द्यायचा तिथल्या माणसांपाशी बसावं, काय हवं ते त्यांनाच विचारावं आणि उत्तर एमसीआर चपलांचे जोड असं आलं तर चपलाच द्याव्यात, जरी त्यांचा फोटो चांगला येत नसला तरी.

आणि एक विनंती घरोघरच्या वाचकांना. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या, बांधकामावरच्या मजुराच्या अंगावर असा चट्टा दिसला तर त्यांना कामावरून काढू नका, सोबत घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे, उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्यानं जातो, आणि वेळेवर गेलेल्या माणसाची बोटं सहसा जात नाहीत.