शाळा (कादंबरी)

शाळा : मिलिंद बोकील यांची मराठी कादंबरी. मौज प्रकाशन गृह, मुंबई, २००४. नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम आणि ते हातातून निसटणे हा तिचा विषय. इंग्रजी पुस्तकबाजारात ज्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात तसा वेगळा कप्पा मराठीत कधी नीट तयार झाला नाही. त्यामुळे ही कादंबरी मोठ्यांसाठी म्हणून छापली गेली आणि त्यांच्या बरोबरीने शाळा-कॉलेजातल्या मुलांनीही वाचली.

कथानक आणीबाणीच्या काळातले आहे. मुंबईच्या आसपासचे, अजून गावपण न सुटलेले निमशहर. तिथल्या शाळेतला मुकुंद जोशी स्वतःच गोष्ट सांगतो. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे दोस्त. अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत त्यांचा अड्डा जमतो आणि कोण कुणावर ‘लाईन’ मारतो याचा हिशोब तिथे चालतो. जोशीच्या मनात शिरोडकर आहे. वर्गातली मुले मुलींना आडनावानेच ओळखतात, त्यामुळे वाचकालाही ती आडनावानेच भेटते. भाषा पोरांची, शिव्यांसकट. बहिणीचा उल्लेख जोशी ‘अंबाबाई’ असा करतो. अंबाबाई म्हणजे देवी मानणाऱ्या कोल्हापूरकडच्या वाचकाला तिथे हसू आवरत नाही. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरच्या वाचकाला मुंबईच्या लोकलचे जग परके असेल, पण मागचे बाक आणि क्लासच्या वाटेवरचे ताटकळणे परके वाटण्याचे कारण नाही.

कादंबरीत प्रेमाची दोन प्रकरणे शेजारीशेजारी चालतात. सुऱ्याचा जीव केवडा या मुलीवर. तो धीर करून विचारतो, तक्रार होते आणि शाळेत मार खातो. त्याचा प्रेमभंग सगळ्या गावासमोर होतो. जोशीचा कुणालाच दिसत नाही. शिरोडकरशी ओळख वाढत जाते, धाकधूक कमी होते आणि वर्ष सरताना तिचे कुटुंब गाव सोडून जाते. भांडण नाही, नकार नाही, दोष द्यायला खलनायकही नाही. जे नाते कुणाला माहीतच नव्हते ते तुटल्याचे सांगायचे तरी कुणाला? मोकळेपणाने बोलण्याजोगा एक नरूमामा तेवढा आहे, कॉलेजात शिकणारा, म्हणजे स्वतःही अर्धाकच्चा. या मामाचे पात्र बोकिलांनी फार नेमके उभे केले आहे. तो उपदेश करत नाही आणि चेष्टाही मर्यादेत ठेवतो.

सावरण्याची प्रक्रिया कादंबरी सविस्तर सांगत नाही. पुढे दहावी उभी असते. महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा १९७५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे जोशीच्या पिढीला हे वर्ष नव्या भीतीचे होते. दुःख करत बसायला वेळापत्रकात जागा नाही, ही मध्यमवर्गीय घरातली वस्तुस्थिती लेखकाने जशीच्या तशी ठेवली. काहींना शेवट घाईचा वाटतो. खरे तर पंधराव्या वर्षी असेच होते.

‘शाळा’च्या आधी मराठी वाचकाच्या मनावर न सावरणाऱ्यांचे राज्य होते. शरच्चंद्रांचा देवदास (१९१७) भाषांतरांतून आणि चित्रपटांतून घरोघरी पोचला होता. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’तला (१९८२) एम. के. श्रोत्री हा त्याचाच पुणेरी भाऊबंद. जुन्या प्रेमाची जखम घेऊन तो बारमध्ये बसतो आणि कॉलेजातली पोरे त्याच्याभोवती जमतात. दारू आणि दुःख यांना मिळालेली ही प्रतिष्ठा ‘शाळा’ने नाकारली, तीही वाद न घालता.

जोशी नववीत असतो त्याच काळात, १९७५ मध्ये, अमेरिकेत जूडी ब्लूम यांची ‘फॉरएव्हर’ प्रसिद्ध झाली. तिच्यातली कॅथरिन शेवटी स्वतःच मायकेलपासून दूर होते. शारीरिक संबंधांच्या उघड वर्णनामुळे ते पुस्तक ग्रंथालयांतून हटवण्याच्या मागण्या तिथे वर्षानुवर्षे होत राहिल्या. डॅनिएल हँडलर यांच्या ‘व्हाय वी ब्रोक अप’मध्ये (२०११) मुलगी नात्यातल्या वस्तूंची पेटी मुलाच्या दारात परत ठेवते आणि एकेका वस्तूची गोष्ट लिहिते. जोशीजवळ परत करायला अशी पेटी नाही. त्याच्या प्रेमाचा ऐवज म्हणजे काही भेटी आणि पुष्कळसे वाट पाहणे.

बोकील व्यवसायाने समाजशास्त्रज्ञ. ‘जनाचे अनुभव पुसतां’ आणि गडचिरोलीतील मेंढा गावावरचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ ही त्यांची पुस्तके प्रत्यक्ष फिरून, माणसांशी बोलून लिहिलेली आहेत. वर्गातली टोळकी, शिक्षकांचे स्वभाव आणि जातीपातीचे अंतर टिपणारी ‘शाळा’तली नजर त्याच जातीची आहे.

कादंबरीवरून मिलिंद उके यांनी ‘हमने जीना सीख लिया’ (२००७) हा हिंदी चित्रपट केला. अधिक गाजला तो सुजय डहाके यांचा मराठी ‘शाळा’; तो जानेवारी २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर प्रमुख भूमिकांत होते, तर नरूमामा जितेंद्र जोशींनी केला. ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि अविनाश देशपांडे यांना आधारित पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुस्तकातल्या जोशीची मनातल्या मनातली अखंड बडबड मात्र पडद्यावर बरीच ओसरली.