झरीची सभा आणि ‘घरबसल्या काम’ : दर कोणाचा, माप कोणाचे?

१/
२३ मे १९४५. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात झरी या गावी सुमारे पाच हजार आदिवासी एकत्र आले. बहुतेक वारली होते आणि सावकार-जमीनदारांच्या शेतावर राबणारे होते. त्या सभेत जे ठरले, ते आज मोबाइलवर ‘घरबसल्या कमवा’ ही जाहिरात वाचणाऱ्या आईबापांनाही उपयोगी पडणारे आहे. कसे, ते सांगणारा हा थ्रेड.

२/
आधी स्थळ. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली, तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. महाराष्ट्रात उरलेल्या गावांचा तलासरी तालुका झाला. झरी त्यातलेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि डहाणू, तलासरी हे शेजारचे तालुके त्यात आले.

३/
या मुलखात दोन प्रथा रूढ होत्या. पहिली वेठ : जमीनदाराने बोलावले की स्वतःचे शेत, घर, आजारी मूल सारे टाकून जायचे आणि फुकट राबायचे. दुसरी लग्नगडी : लग्नासाठी कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने मिळून सावकाराच्या घरी राबायचे. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. ती वही वाचणारा गडी नव्हता, म्हणून कर्ज सहसा फिटत नसे.

४/
जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची प्रांतिक परिषद भरली होती. उंबरगावकडचे काही वारली तिथे गेले आणि त्यातून गोदावरी व शामराव परुळेकर या भागात आले. मे महिन्यातल्या झरीच्या सभेने घेतलेले निर्णय थोडक्यात असे : वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करायचे नाही, जबरदस्ती झाली तर प्रतिकार करायचा, आणि एकजूट सोडायची नाही.

५/
सभेनंतर थोड्याच काळात वेठ मोडली आणि लग्नगडी मुक्त होऊ लागले. पावसाळा सरताच पुढचा प्रश्न उभा राहिला तो गवतकापणीचा. इथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. कापणी अंगावर असे, म्हणजे जितके कापाल तितके पैसे. मजुरांनी मागणी केली : ५०० पौंड गवताला अडीच रुपये.

६/
या मागणीवरून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन आजही पाळला जातो. परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा लढा आला आहे. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

७/
अंगावरच्या कामाचे मर्म या मागणीत दिसते. दर किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच माप किती हेही महत्त्वाचे. ५०० पौंडांचा आकडा उघड ठरला, तर मजुराला आपली कमाई स्वतः मोजता येते. तो मालकाच्या मनावर राहिला, तर दर कितीही वाढला तरी हाती काय येईल याची खात्री नसते. घरी बसून केले जाणारे बहुतेक काम अंगावरचे, म्हणजे नगावरचेच असते.

८/
त्याच वर्षी, डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात दुसरे काम सुरू झाले. २४ डिसेंबर १९४५ रोजी ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडी काढली, तरी गरीब वस्त्यांतली मुले तिच्यात येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी.

९/
१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आले. तिथे लक्षात आले की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आई मजुरीला गेलेली. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणवाडी हे नाव पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले.

१०/
झरीने विचारले होते, कामाचे दाम किती? कोसबाडने त्याला दुसरा प्रश्न जोडला : काम चालू असताना मूल कोणापाशी? ज्या घराला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते घर कामच घरी आणण्याचा विचार करते. घरकामाची गरज इथून निर्माण होते, आणि या गरजेचा फायदा घेणारेही इथेच टपलेले असतात.

११/
महाराष्ट्रातला घरी चालणारा एक जुना मोठा धंदा विडी वळण्याचा. सिन्नर, सोलापूर अशा गावांत हजारो बायका मूल मांडीवर घेऊन सूप पुढ्यात ओढत. पाने आणि तंबाखू कारखानदाराची किंवा त्याच्या मक्तेदाराची, मजुरी हजार विड्यांवर. जुनी तक्रार अशी की पाने कमी किंवा खराब द्यायची, आणि वळलेल्या विड्यांतल्या काही ‘बाद’ ठरवायच्या. बाद विडीची मजुरी मिळत नसे.

१२/
१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कच्चा माल किती दिला, विड्या बाद का केल्या आणि बाद विड्यांचे पैसे द्यायचे की नाही, या तीनही वादांचा निवाडा करण्याची तरतूद त्यात होती. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश विडी खटल्यात कायदा वैध ठरवला. १९७७ मध्ये विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधीही लागू झाला.

१३/
याच्या उलट वाट गिरगावात निघाली. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. देणगी घ्यायची नाही आणि हिशेब चोख ठेवायचा, हे दोन नियम सुरुवातीलाच ठरले.

१४/
पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद राहिले. दुसऱ्या वर्षी खाट आणि शेगडी आणली : वर पापड, खाली ऊब. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव मिळाले, १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

१५/
लिज्जतची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर भिजवले जाते. सभासद बहीण सकाळी वजन करून पीठ नेते, घरी लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देते. ते पुन्हा तोलले जातात आणि लाटणावळ तिथेच चुकती होते. वजन दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांसमोर. नफ्यातही तिचा वाटा, कारण ती संस्थेची सभासद आहे. विडीवाल्या बाईला जो न्याय कायद्याकडे मागावा लागला, तो इथे रोजच्या तराजूत होता.

१६/
आता पुन्हा डहाणूकडे. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीने गेरूच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढायचा. हे बायकांचे घरातले काम. त्याला मान होता, विधी होता; बाजार नव्हता.

१७/
१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या वतीने या भागात आले आणि चित्रासाठी कागद देऊ लागले. गंजाडचे जिव्या सोमा मशे रोज चित्र काढू लागले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे कर्तृत्व मोठेच. तरीही एक गोष्ट नोंदवावी लागते : भिंतीवरचे चित्र बायका काढत, ते कागदावर उतरून त्याला पैसे मिळू लागले, तेव्हा नाव मुख्यतः पुरुषांचे झाले.

१८/
२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मुलखाच्या नावाचे रक्षण करते. प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या हाताला किती मिळावे, हे त्यातून ठरत नाही. घरी बसून पिशवीवर, साडीवर वा कपबशीवर वारली आकृती काढणाऱ्या बाईपुढे तेच जुने प्रश्न असतात : रंग कोणाचा, दर कोणी ठरवला, आणि माल ‘पसंत नाही’ म्हणून परत आला तर नुकसान कोणाचे?

१९/
कायदा या प्रश्नांपर्यंत हळूहळू पोहोचला. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कर्मचारी या शब्दाच्या व्याख्येतच माल घरी नेऊन काम करणारा माणूस होता, मात्र अनुसूचित उद्योगांपुरता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामाबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच. झरीतल्या ‘वेठ’ या शब्दाचा अर्थ तिथे विस्तारला.

२०/
१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेचा मोठा वाटा होता. भारताने मात्र तो करार स्वीकारलेला नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने २६ आठवड्यांच्या रजेनंतर संमतीने घरून काम करण्याची मुभा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. बाप या कायद्यात नाही. नोकरी नसलेली आईही नाही.

२१/
२०२० च्या टाळेबंदीनंतर ‘घरून काम’ हे शब्द सर्वांच्या तोंडी बसले, आणि फसवणुकीलाही तेच आमिष मिळाले. पेन्सिलींच्या पॅकिंगसाठी नोंदणी शुल्क. डेटा एंट्रीचे काम देऊन नंतर ‘चुका फार झाल्या’ म्हणत वकिलाच्या नावाची नोटीस आणि दंडाची मागणी. व्हिडिओला लाइक देण्याचे काम : आधी थोडे पैसे देऊन विश्वास बसवायचा, मग मोठी रक्कम भरायला लावायची.

२२/
नीट पाहिले तर यात नवे फार थोडे आहे. आगाऊ पैसे घेऊन बांधून ठेवणे हा लग्नगड्याच्या कर्जाचा उलटा प्रकार : तिथे सावकार उसने देई, इथे गरजूकडूनच काढून घेतले जाते. ‘चुका झाल्या’ म्हणून मेहनताना बुडवणे म्हणजे बाद विडी. नवी माणसे जोडली तरच कमाई, अशी साखळी असेल तर १९७८ चा कायदा तिला गुन्हा मानतो.

२३/
म्हणून काम स्वीकारण्याआधीच्या कसोट्या इतिहासातूनच मिळतात.
• काम मिळवण्यासाठी पैसे भरावे लागतात का? लागत असतील तर तिथेच थांबावे.
• दर आणि माप लेखी आहे का?
• माल बाद कोण ठरवतो, आणि बाद मालाची मजुरी मिळते का?
• पैसे कोणत्या दिवशी मिळतात? आधी थोडे काम करून ते हाती पडतात का?
• काम सोडले तर दंड आहे का?
• आपले बँक खाते दुसऱ्याच्या रकमा फिरवण्यासाठी मागितले जाते का? तसे असेल तर ते काम नव्हे, गुन्ह्यातला सहभाग आहे.

२४/
आणखी एक हिशेब घरातच करायचा असतो. नगाचा दर गुणिले दिवसाचे नग, त्यातून वीज, धागा, रंग, इंटरनेट वजा. उरलेले भागिले लागलेले तास. मूल झोपल्यावर रात्री अकरा ते एक केलेले कामही त्या तासांत धरायचे. तासाला पडणारा आकडा जवळच्या शेतमजुरीपेक्षाही कमी आला, तर ते काम घरी आलेले असले तरी वेठच आहे.

२५/
फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता अधिक. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि संदेश पुसू नयेत.

२६/
झरीला जमलेल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी एकट्याने जमीनदाराशी दर ठरवायचा नाही, आधी आपसांत बोलायचे, मग एकच आकडा सांगायचा, हे त्यांना उमगले होते. गिरगावातल्या सातजणींनीही तेच केले. घरून काम करणारी व्यक्ती आपल्या चार भिंतींत एकटी असते आणि दर पाडणाऱ्याला, फसवणाऱ्याला तेच हवे असते. म्हणून काम घेण्याआधी तेच काम करणाऱ्या शेजारच्या दोघीतिघींना दर विचारावा. बारा आण्यांचा आकडा झरीत असाच, बोलण्यातून ठरला होता.

(थ्रेड समाप्त)